सहाशे वेळा तपासलेला फासा

मी एक जुना फासा आहे, मित्रांनो. वर्षे मोजाल तर मला अजून तीनसुद्धा पूर्ण झालेली नाहीत. पण फाशाचे वय वर्षांवर मोजू नये, तो किती वेळा फरशीवर आपटला त्यावर मोजावे. त्या मापाने मी चांगलाच म्हातारा आहे. माझा एक कोपरा झिजून गोल झाला आहे, आणि पाचाच्या बाजूवर शाईचा डाग आहे.

श्रीरामपूरजवळच्या एका मुलींच्या बोर्डिंगात माझा जन्म झाला. तिथले सुतार याकोबमामा बैलगाडीच्या चाकाचा आरा बदलत होते. जुन्या आऱ्यातला बाभळीचा एक तुकडा उरला. तेवढ्यात विज्ञान शिकवणाऱ्या फिलोमिनाबाई तिथे आल्या. त्यांना बी.एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झाले होते.

"मामा, याचा फासा होईल? पण सगळ्या बाजू सारख्या हव्यात."

"सारख्या म्हंजी किती सारख्या, बाई?"

"मोजून सारख्या."

याकोबमामांनी मला कापले, कानशीने घासले आणि तापलेल्या खिळ्याने ठिपके पाडले. एकाचा ठिपका मी हसत सोसला. सहाचे ठिपके होईपर्यंत मात्र जीव नकोसा झाला.

बाईंचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी आठवीच्या सहा मुलींना बसवले आणि प्रत्येकीला मला शंभर वेळा टाकायला सांगितले. सहाशे फेकींत प्रत्येक आकडा साधारण शंभर वेळा यायला हवा. एक सत्त्याण्णव वेळा आला, सहा एकशे चार वेळा आला, बाकीचे त्याच्या आसपास. बाईंनी तक्ता पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल. प्रामाणिक आहे हा." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. अंघोळीला दिवसाआड एक बादली मिळे, आणि मैदानावर इतकी धूळ की लंगडी बंद करावी लागली होती. म्हणून बाईंनी शनिवारी दुपारी जेवणघरात एक बैठा खेळ सुरू केला. खेळाचे नाव 'किल्ला'. बाई स्वतः किल्लेदार. किल्ल्यात कुठे दार आहे, कुठे भुयार आहे, पुढे काय दिसते, हे त्या सांगत. मुली आत शिरायला बघत. प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळे. एक सरदार, एक वैदीण, एक चोर, एक राक्षस. चिठ्ठीवर दोन आकडे असत, एक बळाचा आणि एक बुद्धीचा. दार फोडायचे असेल तर मला टाकायचे. पडलेला आकडा बळाच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी असला की दार फुटले. युक्ती करायची असेल तर तोच नियम बुद्धीच्या आकड्याला.

राक्षसाच्या चिठ्ठीवर बळ सहा होते आणि बुद्धी एक. म्हणजे तो कुठलेही दार फोडणार, पण विचार करायचा तर मी एकाच्या बाजूने पडायला हवे.

ही चिठ्ठी दर शनिवारी मुक्ताच्या वाट्याला येई. मुक्ता जामखेडकडची. तिचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. ती वर्गात सगळ्यांत उंच, आवाज मोठा, बोलणे गावाकडचे. चिठ्ठ्या वाटायला श्रीरामपूरची मरिया असे. ती न विचारताच म्हणे, "राक्षस मुक्ताला द्या. तिला शोभतो." मुक्ता हसून चिठ्ठी घेई. मी तिच्या तळहातात असे, म्हणून मला ठाऊक आहे, हसताना तिची मूठ घट्ट होई.

खरी गोष्ट अशी की वर्गात गणित सगळ्यांत चांगले तिचेच होते. एका शनिवारी बाईंनी सांगितले, किल्ल्याच्या मोठ्या दरवाजापाशी एक पहारेकरी दर चार मिनिटांनी येतो आणि दुसरा दर सहा मिनिटांनी. दोघे एकदम आले की गप्पा मारत दरवाजाकडे पाठ करतात. बाकीच्या मुली बोटे मोजत असतानाच मुक्ता म्हणाली, "बारा मिन्टांनी! दर बाराव्या मिन्टाला माझा राक्षस आत जाईल."

"ते तुला कळलं," मरिया म्हणाली. "राक्षसाला कुठं कळलंय? टाक फासा."

मी पडलो तीन. राक्षस दरवाजाबाहेर डोके खाजवत बसला आणि मुली हसल्या. सहा शनिवारांत मुक्ताने असे अकरा वेळा करून पाहिले. अकरा वेळांत मी एकदाही एक पडलो नाही. मला वाईट वाटे, पण फाशाच्या वाटण्याला काही अर्थ नसतो.

शेवटी ती म्हणाली, "बाई, राक्षसानं कधीच इचार करायचा न्हाई व्हय?"

"राक्षस विचार करायला लागला, तर तो राक्षस कसला?" मरिया म्हणाली.

"तू कुठं पायलास राक्षस? तुमच्या गल्लीत ऱ्हातो का?"

सगळ्या खो खो हसल्या. बाईंचा स्वभाव मऊ. त्या म्हणाल्या, "बरं, मुक्ताच्या राक्षसाला कळलं असं धरू. फासा नको. चालेल."

इथेच चूक झाली, मित्रांनो. पुढच्या शनिवारी मरियाने सरदारासाठी उडता घोडा मागितला. बाई म्हणाल्या, "चालेल." चोर झालेल्या भागूला कुणाला दिसायचेच नव्हते. तेही चालले. वैदिणीकडे मेलेल्याला उठवणारी मुळी आली. किल्ला पंधरा मिनिटांत पडला. त्याच्या पुढच्या शनिवारी आठ मिनिटांत. मला कुणी हातसुद्धा लावला नाही. खडूच्या तुकड्यांबरोबर मी एका डब्यात पडून राहिलो आणि पांढरा झालो.

तिसऱ्या शनिवारी मुली जांभया देऊ लागल्या. भागू म्हणाली, "यात आता काही मजाच नाही. मुक्ताला सूट दिली तेव्हापासून सगळं बिघडलं."

मुक्ताने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन बसली. बाईंनी दोनदा बोलावले. ती आतूनच दिसेल अशी बसली होती, पण आली नाही. बाई डबा बंद करताना स्वतःशीच म्हणाल्या, "हा खेळच थांबवावा." मी अंधारात विचार करत राहिलो. खेळ थांबला असता तर माझे काय, हा प्रश्न होताच. पण मुलींच्या तोंडी एकच राहिले असते, मुक्तामुळे खेळ मोडला. मला ते जास्त लागले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुक्ता प्रयोगशाळेत आली. तिच्या हातात त्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या.

"बाई, रागवू नका. तुमी फासा सहाशे येळा तपासला. चिठ्ठ्या एकदा बी न्हाई."

बाईंनी हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली. "म्हणजे?"

"बेरीज करा की. सरदाराचं बळ पाच, बुद्धी चार. नऊ. वैदीण नऊ. चोर आठ. राक्षस सात. त्याला सगळ्यात कमी दिलंय, आन् वरून म्हन्तात, येडा हाय."

बाईंनी खरोखर बेरीज केली. दोनदा केली. मग त्या हसल्या, पण जरा ओशाळून. "मी विचारच केला नाही गं. राक्षस म्हटल्यावर हाताने आपोआप एक लिहिला."

"मला सूट नको, बाई. फुकटचं मिळालं तर त्या पोरी म्हन्तात, मुक्ताला दिलं. सगळ्यांना आठ द्या. ज्याला जसं पायजे तसं त्यानं वाटून घ्यावं. बळ वाढीवलं की बुद्धी घटती. आन् मग फाशाबिगर काईच न्हाई. घोडा बी न्हाई."

बाईंनी डबा उघडून मला बाहेर काढले आणि पदराने माझ्यावरचा खडू पुसला.

शनिवारी नव्या, कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. मुक्ताने राक्षसच घेतला आणि त्याचे आकडे स्वतः लिहिले. मरियाने आधी भांडण काढले. राक्षसाला बळ तीन म्हणजे हसण्यासारखेच की! "अशक्त राक्षस? त्याला काय, ताप आलाय?"

"आला आसंल," मुक्ता म्हणाली. "म्हनून तर डोकं चालवतोय."

या वेळी मरियासुद्धा हसली. बाई म्हणाल्या, "कोण कसा आहे ते ज्याचं त्यानं लिहायचं. मी किल्ला सांगेन. जमलं की नाही, ते फासा सांगेल."

राक्षस, बळ तीन, बुद्धी पाच, मोठ्या दरवाजापाशी आला. पहारेकरी आता वेगळे होते. एक दर सहा मिनिटांनी, दुसरा दर नऊ मिनिटांनी. मुक्ताने डोळे मिटले आणि म्हणाली, "अठरा." हिशेब बरोबर होता. आता राक्षसाला तो जमायला हवा होता. माझ्या सहा बाजूंपैकी पाच तिच्या होत्या. तिने मला ओंजळीत घोळवले आणि टाकले.

मी फरशीवरून गडगडत गेलो, बाकाच्या पायाला आपटलो आणि थांबलो. सहा.

बाईंच्या ओठांवर त्यांचा नेहमीचा 'चालेल' आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला. "पहारेकऱ्यांनी राक्षसाला पकडलं," त्या म्हणाल्या. "बुरुजात कोंडलं."

सगळ्या मुली मुक्ताकडे बघू लागल्या. आणि मुक्ता मोठ्याने, अगदी पोट धरून हसली. "घ्या! एकच आकडा नको हुता, त्योच पडला! पन मला फाशानं हरवलं बरं का, चिठ्ठीनं न्हाई."

मरिया आपल्या चिठ्ठीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "बाई, माझा सरदार बुरुजाकडं जातो. राक्षसाला सोडवायला."

"सरदार? राक्षसाला?" भागू ओरडली.

"मग? दरवाजाचा हिशेब आमच्यात तिलाच येतो. टाकू का, बाई?"

"टाक," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी किल्ला पडला नाही. त्याला आणखी चार शनिवार लागले, आणि ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे शनिवार होते.

मित्रांनो, माझी निगा राखणे सोपे आहे. मला ओलाव्यात ठेवू नका, दाताखाली धरू नका, बोटाने हळूच उलटवू नका. मी कुणाच्याही हातातून सारखाच पडतो. टाकणारा कोण, कुठला, हे मला कळत नाही. पण चिठ्ठ्या लिहिता तुम्ही. त्या लिहिताना आपला हात आपोआप चालत नाही ना, एवढे मात्र बघत चला. ते काम माझ्याच्याने होण्यासारखे नाही.