डॉक्टर नाइवालूंचं कार्ड

मी फलक बोलतोय. सुवा या बेटावरच्या शहरातल्या एका विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान विभागात, व्हरांड्यात शिरल्यावर डाव्या हाताला मी टांगलेला आहे. वेसी नावाच्या टणक लाकडाचा, पुढे काच, काचेला पितळी कडी. आधीच कबूल करून टाकतो: मी सात वर्षं खोटं बोललो. तेही रोज, येईल त्याच्या तोंडावर.

विभागाची जुनी होडी मोडीत काढली, तेव्हा तिच्या फळ्या वाया जाऊ नयेत म्हणून मेली सुताराने मला घडवलं. भिंतीवर चढवून तो म्हणाला, "लाकूड एक नंबर आहे. आता माणसं बरी लावा म्हणजे झालं."

माणसं म्हणजे कार्डं. प्रत्येक शिक्षकाचं एक कार्ड: नाव, शिक्षण कुठे आणि किती झालं, कोणते विषय शिकवतात, आवड कशाची. विभागाची कारकून लितिया ती टंकून आणायची आणि टाचण्यांनी माझ्या अंगावर लावायची. विभागप्रमुख प्रोफेसर पिकरिंग यांचं शिक्षण एका कार्डात मावेना म्हणून त्यांना दोन कार्डं जोडून दिली होती.

माणसांची एक गंमत सांगतो. विद्यार्थी माझ्यासमोर येतात ते कोण नापास करतं याचा अंदाज घ्यायला. शिक्षक मात्र येता-जाता आधी स्वतःचं कार्ड बघतात, मग शेजारच्याचं, आणि मग पुन्हा स्वतःचं.

फक्त सरोजिनी लता कधी थांबायच्या नाहीत. त्या लंबासाच्या, उसाच्या शेतावर वाढलेल्या. त्यांच्या कार्डावर लिहिलं होतं: एम.एस्सी. विषय: प्रवाळ आणि उथळ पाण्यातले जीव. आवड: ओहोटीला बाहेर पडणं. प्रवाळाचा सगळा अभ्यासक्रम त्यांनी नऊ वर्षं खपून उभा केला होता. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शिकवायच्या. मुलं भिजून, कुडकुडत, हसत परत यायची.

त्यांच्या शेजारचं कार्ड इलाइतिया नाइवालूचं. हा मोआला बेटावरचा, अंगाने आडवातिडवा, बोलायला मऊ. दोघांचं चांगलं जमायचं. दुपारी त्या भोपळ्याची भाजी भरलेली रोटी आणायच्या, तो नारळाच्या दुधातला मासा आणि उकडलेला कसावा कंद आणायचा, आणि दोघं समोरच्या बाकावर बसून डबे बदलायची.

"इलाई, तुझ्या माशात मीठ नाही."

"समुद्रातला आहे, बहिनी. त्याने आधीच खाल्लंय."

इलाइतिया पीएच.डी.साठी ब्रिस्बेनला गेला होता. प्रबंध देऊन परत आला, त्याच आठवड्यात लितिया नवी कार्डं करत होती.

"झाला ना रे प्रबंध देऊन?" तिने विचारलं.

"दिला," तो म्हणाला. खरंच होतं ते. दिला होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर नवं कार्ड लागलं: डॉ. इलाइतिया नाइवालू, पीएच.डी.

तीन महिन्यांनी परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. अर्धा पुन्हा लिहा म्हणाले. ते पत्र त्याने माझ्यासमोर उभं राहूनच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. मग त्याचा हात माझ्या कडीपर्यंत आला. तेवढ्यात दोन मुली आल्या, "बुला, डॉक्टर!" म्हणत त्यांनी नमस्कार केला, आणि तो हात त्याने तसाच त्यांना हलवून दाखवला.

सहा महिन्यांत लिहून टाकू, मग सगळं खरंच होईल, असं त्याला वाटलं असणार. कार्यालयाने दोनदा प्रमाणपत्र मागितलं. दोन्ही वेळा "पाठवताहेत तिकडून" म्हणाला. तिसऱ्यांदा कुणी मागितलं नाही. आणि लिहायचं तर राहूनच गेलं.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण चौथ्या वर्षी वरून फर्मान आलं की वरच्या वर्गांना डॉक्टरेट असलेल्यांनीच शिकवायचं. पिकरिंग माझ्यासमोर उभे राहिले आणि बोट फिरवत एकेक कार्ड वाचू लागले. बोट सरोजिनीबाईंच्या कार्डावर थांबलं, मग शेजारी सरकलं.

"प्रवाळ आता नाइवालूंकडे," ते लितियाला म्हणाले. "मिस लता पहिल्या वर्षाचं बघतील."

त्या दिवशी काच फोडून ओरडावं असं मला वाटलं. पण फलकाला जे लावलंय तेच बोलता येतं.

सरोजिनीबाई त्या सत्रानंतर गेल्या. लंबासाच्या शाळेत नोकरी घेतली. निघायच्या दिवशी स्वतःच कडी काढून त्यांनी आपलं कार्ड काढलं. इलाइतिया खोलीच्या दारात उभा होता.

"माझ्या टिपणांची खोकी तुझ्या टेबलाखाली ठेवलीत," त्या म्हणाल्या. "मुलांना लागतील."

"सरोज..."

"पदवी नाही माझ्याकडे, ते खरंच आहे. त्याचं काही नाही. तू एकदा तरी तोंड उघडशील असं वाटलं होतं, एवढंच."

त्यांना वाटलं मित्र भित्रा निघाला. खरं काय ते त्याला आणि मलाच ठाऊक होतं.

पुढची तीन वर्षं त्याने त्यांच्याच टिपणांवरून शिकवलं. वाईट शिकवलं नाही. पण माझ्यासमोरून जाताना तो मान वळवून जायचा, आणि दुपारी त्या बाकावर कधी बसला नाही.

मग एके दिवशी मोआलाहून त्याची आई आली. सेरेआना तिचं नाव. चांगले कपडे घातलेले, काखेत गुंडाळलेली नवी चटई. लेकाचं नाव कुठे लावलंय ते तिला बघायचं होतं.

"ह्यातलं तुझं कुठलं?"

त्याने दाखवलं. तिने काचेवर बोट टेकवलं. "आणि डॉक्टर कुठे लिहिलंय?"

"हे, सुरुवातीला."

"एवढंसंच?" ती हसली. "तुझ्या बाबांच्या मातीला तू पोचला नाहीस ना, तेव्हा लोक बोलले. मी म्हटलं, त्यांनीच सांगून ठेवलं होतं, पोराला मध्येच बोलावू नका, पूर्ण करून येऊ दे."

इलाइतिया समोरच्या भिंतीला टेकला. त्याचा चेहरा मी समोरून बघत होतो. मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"नाऊ," आईला हाक मारून तो म्हणाला, "पूर्ण नाही झालं ते."

आई बघत राहिली. "मग हे कसं लिहिलंय?"

"चुकून लागलं. मी काढलं नाही."

तिने काचेवरचं बोट मागे घेतलं. मग तिने हळूच विचारलं, "ह्यापायी कुणाचं काही गेलं का?"

"गेलं."

"मग मला काय सांगतोस? त्यांना सांग." काखेतली चटई तिने त्याच्या हातात दिली. "तुझ्या खोलीत अंथरायला विणली होती. आता हिच्यावर बसून माफी माग."

तिने बाहीने काचेवरचा बोटाचा डाग पुसला आणि ती निघून गेली. जेवायलाही थांबली नाही.

त्याने त्याच दुपारी कार्ड काढून पिकरिंगांच्या हातात दिलं. पिकरिंग व्हरांड्यातच खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, पुढच्या महिन्यात तपासणीवाले येताहेत! आत्ता गप्प राहा. सावकाश लिहून टाक तो प्रबंध, कुणाला कळणार आहे?"

"सर, सात वर्षं सावकाशच चाललंय."

चौकशी झाली. नोकरी राहिली, पण शिक्षकाची नाही. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ठेवलं. विभागाने वरून खास परवानगी काढून सरोजिनीबाईंना पत्र लिहून बोलावलं. त्या आल्या तेव्हा इलाइतिया व्हरांड्यात, माझ्याच पायाशी, आईची चटई अंथरून बसला होता. मान खाली, दोन्ही हातांत ताबुआ, देवमाशाचा जुना पिवळा दात, घरातला. विद्यार्थी आपोआप लांब सरकले. असं कुणी बसलं की काय चाललंय ते इथे कुणाला सांगावं लागत नाही.

त्याने सगळं सांगितलं. पत्र, खिसा, कार्यालयाला मारलेल्या थापा. मध्ये एकदाही "पण" म्हणाला नाही.

सरोजिनीबाई उभ्याच होत्या. पर्स छातीशी धरलेली.

"मी भित्रा समजत होते तुला," त्या म्हणाल्या. "लंबासात तीन वर्षं मी लोकांना सांगत होते, इलाई वाईट नाही, भित्रा आहे. तुझी बाजू घेत होते रे मी."

त्याने दात आणखी पुढे केला.

"हा मी हातात घेतला की माफ केलं असं होतं ना?"

"हो."

"मग नाही घेत. आज नाही." त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. "तुझे गुडघे दुखतील, ऊठ. माझी खोकी कुठायत?"

तो उठला. खोकी काढून आणली. एकही कागद हरवला नव्हता, आणि समासात त्याने स्वतःच्या अक्षरात नव्या नोंदी जोडल्या होत्या. त्या उभ्याउभ्याच चाळत राहिल्या, एका पानावर थांबल्या, म्हणाल्या, "हे चुकलंय," आणि खोकं घेऊन आत गेल्या.

आता माझं सांगतो. माझ्या फळ्यांना बुरशी धरलीय, काचेला तडा गेलाय. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी चकचकीत पडदा बसणार आहे, त्यावर सगळ्यांची नावं सरकत जातील. मला उतरवणार त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाच्या जोरावर एका बाईचं आयुष्याचं काम काढून घेतलं गेलं. मी लाकूड आहे, माझा काय दोष, असं म्हणून पाहिलं. पटत नाही. म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच विनवतो: नावापुढचं वाचा, पण तेवढ्यावर कुणाला मोठं किंवा लहान ठरवू नका. एकदा त्यांच्या वर्गात जाऊन बसा.

सरोजिनीबाई पुन्हा प्रवाळ शिकवतात. ओहोटीच्या दिवशी मुलांची रांग निघते, आणि रांगेच्या शेवटी इलाइतिया बादल्या, जाळ्या, दोरखंड घेऊन असतो. एक वर्ष झालं. ताबुआ अजून त्याच्याच कपाटात आहे. दोघं कामापुरतं बोलतात. आज सकाळीही माझ्यासमोर थांबून बाईंनी टोपीची नाडी बांधली आणि मागे न बघता विचारलं,

"भरती किती वाजता लागतेय?"

"सव्वादोनला."

"मग दोनला सगळे बाहेर. आणि इलाई, तूसुद्धा. मागच्या वेळी तू शेवटपर्यंत पाण्यात राहिलास."