न मिळालेला खो

खो-खोत बसलेल्या खेळाडूला आपणहून उठता येत नाही. पळणारी मुलगी नाकासमोरून गेली, हात लांबवला तर तिचं मनगट धरता येईल इतकी जवळून गेली, तरी मागून आपल्याच माणसाने पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हललात की फाउल. पण आपल्या माणसाने थाप मारलीच नाही तर काय, याबद्दल नियमांच्या पुस्तकात अवाक्षर नाही. ज्यांनी हा खेळ बसवला त्या भल्या माणसांना, असंही कुणी करील, हे सुचलंच नसावं.

उज्वलाच्या संघातल्या मुलींना ते सुचलं. आपसात ठरवावंही लागलं नाही. नांदेडच्या मैदानावर उपांत्य सामन्याचा पहिला डाव संपला तेव्हा उज्वला आपल्या चौकोनात बसूनच होती. पाटीवरच्या सगळ्याजणी उठून पळून, घामाघूम होऊन पुन्हा बसल्या होत्या. हिच्या पाठीला मात्र कुणाचं बोट लागलेलं नव्हतं.

संरक्षणात तिला कुणी अडवू शकलं नाही. तिथे पळायला कुणाची परवानगी लागत नाही. समोरच्या संघाला तिला बाद करायचं होतं, म्हणजे हात लावणं भागच होतं, आणि त्या पुण्याकडच्या पोरी तिच्यामागे पळून पळून बेजार झाल्या तरी ती हाती लागली नाही. म्हणून तर दयानंद सरांनी तिला संघात ठेवलं होतं. सर तिच्यावर मेहेरबान होते असं कुणी समजू नये. तिच्या पळण्याशिवाय संघ उपांत्य फेरीत येत नाही एवढं गणित त्यांना कळत होतं.

मधल्या सुट्टीत ती त्यांच्याकडे गेली.

“सर, मला खो देऊन न्हाई राहिल्या.”

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. “मी कुणाला सांगितलं का, देऊ नका म्हणून? ज्याचा त्याचा खेळ हाय उज्वला. मी मधी पडलो की ते लईच दिसतं.”

मांडवात निवड समितीचे हणमंतराव बसले होते. राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायला आले होते. बाद करणारीही हवी आणि पळणारीही हवी, नुसती एकांगी खेळाडू घेत नाही, हे ते सकाळीच सगळ्यांना ऐकवून चुकले होते. राज्याकडून एकदा खेळली की उज्वलाला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येणार होता. वर्दी, पगार, लातुरात भाड्याची एक खोली. चाकूरच्या अलीकडे असलेल्या तिच्या गावात आता तिला जागा नव्हती. वडिलांनी फोनवर आवाज न चढवता सांगितलं होतं, “सध्या इकडं येऊ नको. लोकं दारात येऊन विचारायलेत.” ते ‘सध्या’ कधी संपणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते हिवाळ्यात. लातूरच्या स्पर्धेत उज्वला सर्वोत्तम संरक्षक ठरली आणि मोबाइलवर बातम्या चालवणाऱ्या एका पोराने तिच्या तोंडासमोर माईक धरला. खेळाबद्दल एक प्रश्न विचारून झाल्यावर तो मूळ पदावर आला. “मग ताई, आता लग्न कधी? नवरा कसा पाह्यजे?” मुलगी जिंकली की हा प्रश्न ठरलेलाच. मुलगा जिंकला तर त्याला सरावाबद्दल विचारतात.

उज्वलाच्या मनात त्या वेळी उदगीरची तनुजा होती. वसतिगृहातली पोरगी, वाऱ्यासारखी पळायची. एका मुलीच्या कुशीत झोपलेली कुणीतरी पाहिली, दुसऱ्या दिवशी बाप आला, पेटी उचलली आणि महिन्याभरात तिचं लग्न लावून मोकळा झाला. खोलीखोलीत कुजबुज झाली, पण ‘मीही तशीच आहे’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. कुणी असतं, निदान कुठे पाहिलेलं-ऐकलेलं असतं, तर त्या पोरीने बापाचा हात झटकला असता, असं उज्वलाला फार वाटायचं. म्हणून ती माईकमध्ये म्हणाली, “नवरा नको मला. मला मुली आवडतात. आधीपासून. हे कापू नका, असंच दाखवा.”

पोराने ते अजिबात कापलं नाही. उलट वर लाल अक्षरं घातली.

पुढे जे व्हायचं ते झालं. शिव्या आल्या, सल्ले आले, माहूरच्या देवीला नवस बोला असंही कुणी घरी सांगून गेलं. त्या गर्दीत रात्री-अपरात्री अनोळखी नंबरांवरून दुसरेही मेसेज यायचे. कुणी कबड्डीतली, कुणी धावणारी, एक तर चक्क कुस्तीतला. ‘ताई, तुम्ही बोललात, बरं वाटलं. वाचून डिलीट करा.’ उज्वला वाचायची आणि डिलीट करायची. आपल्यासारखे इतके आहेत याचा तिला आनंद व्हायचा, आणि एकही जण उजेडात येत नाही याचा रागही यायचा.

तिने काही चोरलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. पण लोकांचं कुतूहल तिच्यापुरतं नव्हतंच. त्यांचा प्रश्न वेगळा होता. ही अशी आहे तर मग दुसरी कोण? चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या फाटकात, मुलींच्या आयांमध्ये याच प्रश्नाला ऊत आला. आणि खरी गंमत अशी की दुसरी कुणी नव्हतीच. उज्वलाने आजवर कुणाचा हात तसा हातात घेतला नव्हता. पण असं कोण मानणार? संघातल्या बारा-पंधरा पोरींपैकीच कुणीतरी असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं, आणि आपण ती नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रत्येकीवर येऊन पडली. एकीने डबा वेगळा केला. दुसरीने खोली बदलली. काल गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसल्या, तेव्हाही उज्वलाच्या दोन्ही बाजूंना जागा सुटली. पंजाबातून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई तिथे येऊन बसल्या, तिच्या ताटात प्रेमाने एक रोटी जास्त घालायला लावली. अख्ख्या प्रवासात तिच्या शेजारी बसलेलं ते एकच माणूस.

सगळ्यात जास्त धास्ती होती ती कर्णधार शिवकन्याला. सहा वर्षं दोघींची जोडी होती. शिवकन्याने खो द्यायचा आणि उज्वलाने झेपावून गडी टिपायचा, हे इतकं ठरून गेलं होतं की शिवकन्याची थाप पाठीला लागायच्या आधीच हिचे पाय उठलेले असायचे. खोलीही एक, तेलाची बाटलीही एक. त्यामुळे लोकांची बोटं पहिल्यांदा तिच्याकडेच वळली. त्यात तिची सोयरीक ठरलेली. उदगीरचे मलप्पा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, बाजारात भांड्यांचं मोठं दुकान, आपल्या मृत्युंजयसाठी त्यांनी तिला पसंत केलं होतं. आज ते मुद्दाम नांदेडला सामना बघायला आले होते. सून कशी खेळते ते त्यांना बघायचं नव्हतं. सुनेचा हात कुणाच्या पाठीवर पडतो ते बघायचं होतं.

दुसरा डाव सुरू झाला. शेवटच्या आक्रमणाला लातूरच्या मुली बसल्या तेव्हा सामना अगदी काठावर आला होता. उज्वला आपल्या चौकोनात बसली. पळणाऱ्या मुलींना आता अंदाज आला होता. ही उठत नाही, हिच्यासमोर खुशाल थांबावं. एक उंच पोरगी तर तिच्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून दम खायची. एकदा ती उज्वलाकडे बघून हसलीसुद्धा. उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं ते रडू नव्हतं, संताप होता. उठावं आणि हिच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. पण फाउल झाला असता, आणि संघ हरला असता तर खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर फुटलं असतं.

गुण बरोबरीत आले. एक गडी हवा होता आणि वेळ संपत आली होती. शिवकन्या पाटीच्या कडेने धावत येत होती आणि ती उंच पोरगी सवयीने नेमकी उज्वलासमोर येऊन थांबली.

आता शिवकन्याने विचार केला असता तर तिला पुढचा चौकोन दिसला असता. पण खेळाचं सहा वर्षांचं अंग विचार करत नाही. तिचा हात सणसणीत उज्वलाच्या पाठीवर पडला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ती ओरडली, “खो!”

उज्वला उठली कधी आणि झेपावली कधी, ते पंचांनासुद्धा नीट दिसलं नसेल. उंच पोरगी कमरेवरचा हात काढेपर्यंत बाद झाली होती. शिट्टी वाजली. लातूरने सामना जिंकला.

मग मांडवाच्या मागून एक शीळ आली आणि पाठोपाठ आवाज. “सापडली रे दुसरी! हीच ती!” पोरं खिदळली. मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेत बसलेले मलप्पा उपरणं झटकून उभे राहिले.

उज्वला हात पसरून शिवकन्याकडे धावत निघाली होती. जिंकल्यावर त्या तशाच धावायच्या. शिवकन्याने एकदा मांडवाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकून, मघाच्याच खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती ओरडली, “तू उठलीस कामून? चुकून लागला माझा हात! तुला कळत न्हाई का? गुमान बसून राहायचं होतं!”

खो दिल्यावर उठायचं नसतं, हे उज्वला जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती. तिचे पसरलेले हात तसेच राहिले. ते खाली घ्यायचं तिला काही वेळ सुचलं नाही.

मलप्पा पुन्हा खाली बसले.

सामन्यानंतर हणमंतराव स्वतः तिच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिवी तरी देता आली असती. “पळतेस तर झकास,” ते म्हणाले, “आन् त्यो शेवटचा गडी, वा! नाव घालावं म्हणतो मी तुझं. पण एक अडचण हाय. शिबिरात एका खोलीत दोघी राहतात. तुझ्यासंगं राहायला कोण तयार हाय ते सांग. उद्या पोरींचे आईबाप माझ्या अंगावर यायला नकोत.”

“मी एकटी राहते, सर. व्हरांड्यात झोपते.”

“तशी सोय न्हाई, बाई. एक नाव सांग फक्त.” त्यांनी मान वळवली. “ही तुमची कॅप्टन? हिनं तर खो दिला की तुला. सांगू का हिला?”

शिवकन्या हाकेच्या अंतरावर मलप्पांशी बोलत होती. ती बोलायची थांबली. मलप्पाही थांबले. पाणी पिणाऱ्या मुलींनी ग्लास खाली ठेवले. सगळा जिल्हा चार महिने जे विचारत होता तेच हा सज्जन माणूस अदबीने विचारत होता. दुसरी कोण?

शिवकन्याने तिच्याकडे पाहिलं. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. त्या डोळ्यांत नुसती भीक होती. उज्वलाच्या जिभेवर नाव आलं होतं. का येऊ नये? मैत्रीण म्हणून तिचंच नाव येणार होतं, आणि सूड म्हणूनही तिचंच. हिचं घेतलं की कदाचित राज्याचा संघ मिळेल, नाही मिळाला तरी उदगीरची भांडी तरी नक्कीच वाजतील. सगळ्या जगापुढे खरं बोलताना जी अडखळली नव्हती, ती या एका नावापाशी थांबली.

“न्हाई सर,” ती म्हणाली. “ती न्हाई. कुणीच न्हाई.”

“मग मी तरी काय करू, सांग?” असं म्हणून हणमंतराव वळले. त्यांच्या चालण्यात सुटका झाल्याचं स्पष्ट दिसत होतं.

शिवकन्याने श्वास सोडला. मलप्पा काहीतरी म्हणाले आणि ती हसली. उज्वलाने तिच्यासाठी सगळं सोडलं होतं आणि ती हसत होती. त्या हसण्याबद्दल तिला आपण कधीही माफ करणार नाही, हे उज्वलाला त्याच जागी कळलं. थोड्या वेळाने लाउडस्पीकरवरून शिबिराची नावं पुकारली. शिवकन्याचं नाव आलं, तशा सगळ्या मुली धावत गेल्या आणि तिच्या पाठीवर थापा मारू लागल्या.

बुटाच्या नाड्या सोडताना उज्वलाचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. ‘ताई, मी आज मैदानातच होते. शेवटी तुम्ही उठलात तेव्हा टाळ्या वाजवायच्या होत्या, पण जवळ घरचे होते. वाचून डिलीट करा.’

उज्वलाने मान वर करून मांडवाकडे पाहिलं. बायाबापड्या, पोरीबाळी, प्लास्टिकच्या खुर्च्या उचलणारी माणसं, एकमेकींचे हात धरून गेटाकडे निघालेल्या कॉलेजच्या मुली. त्यातलं कुणीही असू शकत होतं. कुणीही वळून पाहत नव्हतं.

तिने मेसेज पुन्हा एकदा वाचला आणि सांगितल्याप्रमाणे डिलीट केला.