गुंड्याची शू अडली तेव्हा

ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, भाऊजी तिच्यापाशी होते, आणि चार वर्षांचा गुंड्या मावशीच्या ताब्यात होता. मावशी गोदीवर क्रेन चालवायची. घराएवढे खोके ती उंच केबिनमध्ये बसून अलगद उचलून ठेवायची, पण एवढ्याशा पोराला सांभाळायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला गुंड्यानं आईसाठी रडून घर डोक्यावर घेतलं. मग मावशीला युक्ती सुचली. तिनं टबात शाम्पू ओतला आणि ढीगभर फेस केला. गुंड्या त्यात शिरला आणि गप्पच झाला. त्यानं स्वतःला दाढी लावली, मावशीला मिशा काढल्या. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फेस. पाणी गार झालं तरी पोरगं बाहेर यायचं नाव घ्यायचं नाही.

एका सकाळी तो बाथरूमच्या दारात पाय आवळून उभा राहिला.

"मला शू नाही करायची."

"का रे?"

"चावते."

मावशीनं वाकून पाहिलं. शूच्या जागेचं टोक लालबुंद झालं होतं, सुजून टम्म. चड्डीवर पिवळसर डाग होता. ताईला सांगावं, तर तिच्या कळा पहाटेच सुरू झालेल्या. शेजारच्या काकूंना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "आत घाण साचली असेल. कातडी मागे ओढ आणि साबणानं खसाखसा धू."

मावशीनं हात पुढे केला. गुंड्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं की तो हात तिथेच थांबला.

"मला नाही जमायचं हे," ती म्हणाली. तिनं पोराला कडेवर घेतलं आणि सरळ मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई जाड चष्म्याच्या, संथ बोलणाऱ्या. त्यांनी आधी मावशीला काही विचारलंच नाही. बुटकं स्टूल ओढून त्या गुंड्यासमोर बसल्या.

"चावते म्हणे. मुंगीसारखी की कुत्र्यासारखी?"

गुंड्यानं विचार केला. "मांजरासारखी."

"म्हणजे ओरखडते."

त्यानं मान हलवली. मावशी बघतच राहिली. सकाळपासून तिनं शंभरदा विचारलं होतं, पण 'चावते'च्या पुढे एक अक्षर फुटलं नव्हतं.

"मी बघू का? मावशी इथेच बसेल. मी ओढणार नाही, टोचणार नाही. तू थांब म्हणालास की थांबेन."

डॉक्टरीणबाई जरा वाकल्या, तोच तो म्हणाला, "थांब." त्या खरंच थांबल्या, हात मांडीवर ठेवून. गुंड्यानं नीट निरखून खात्री करून घेतली. मग आडवा होत म्हणाला, "आता बघ."

त्यांनी पाहिलं, पोट चाचपलं, ताप आहे का, पाणी फार पितो का, विचारलं.

"पुढच्या कातडीला सूज आलीय. लहान मुलांना होतं असं. आंघोळीला काय वापरता?"

मावशीचा आवाज खाली गेला. "फेस. दोन वेळा."

"मजा आहे की लेकाची," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण साबणानं ही जागा चिडते. फेस बंद, साबण बंद. नुसतं कोमट पाणी, मग हलकेच टिपून हे मलम अगदी पातळ लावायचं. आज टबातच शू करू द्या, पाण्यात आग कमी होते. दुपारपर्यंत झालीच नाही तर तडक परत या. बरं वाटलं की लघवी तपासू, साखर नाही ना एवढं बघायला."

"आणि मागे ओढून धुवायचं?"

"अजिबात नाही. ओढलं तर नाहीत ना?"

"नाही."

"फार बरं केलंत. ह्या वयात ती कातडी आत चिकटलेलीच असते. ओढली तर चिरते."

"मग सुटते कधी?"

"आपली आपण. कुणाची शाळेत जायच्या आधी, कुणाची पार मिसरूड फुटेस्तोवर. आतल्या आत काम चालू असतं. आपण फक्त मध्ये यायचं नाही."

समोर गुंड्या बुटाचा पट्टा लावायला धडपडत होता, आणि त्याच वेळी त्याच्या अंगात, त्यालाही न कळता, वर्षानुवर्षं चालणारं काम निमूटपणे चाललं होतं. हे आपल्याला आजवर कुणी कसं सांगितलं नाही, असं मावशीला वाटलं.

घरी टब भरला. गुंड्यानं आत डोकावलं. "फेस कुठाय?"

"फेस सुट्टीवर गेलाय."

तो अंग आखडून पाण्यात बसला. मावशी फरशीवर बसली. त्यानं तिचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता.

"चावेल."

"चावली तर सांग. मी आहे इथे."

बराच वेळ काही झालं नाही. पाणी निवलं तसं तिनं गरम पाणी ओतलं. मग त्याची पकड एकदम सैल झाली आणि डोळे मोठे झाले. नितळ पाण्यात एक बारीकशी पिवळी रेघ उमटली, धुरासारखी वळली आणि विरून गेली.

"आली," तो कुजबुजला.

"चावली?"

"थोडी. मग नाही."

मावशी त्या पाण्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी सांगत होते, मुलगी झाली, दोघी छान आहेत. "गुंड्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"शू झाली," मावशी म्हणाली.

"काय?"

मग तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मलमानं सूज दिवसागणिक उतरली. टम्म झालेल्या कातडीला पुन्हा बारीक सुरकुत्या पडल्या, लाली गेली. लघवीत साखर निघाली नाही.

ताई बाळाला घेऊन आली, तेव्हा गुंड्यानं बहिणीकडे एकदा पाहिलं आणि आईचा हात धरून तिला बाथरूमकडे ओढलं. "बघ हं," म्हणाला आणि उभ्यानं शू करू लागला. न अडता, न चावता, चांगली लांब धार. ताई, भाऊजी आणि मावशी दाटीवाटीनं दारात उभी राहून बघत होती. कुणाला हसू आलं नाही. धार थांबेपर्यंत कुणी जागचं हललंही नाही.