रिकाम्या जाळ्याचं कोणी बोलेना

गणितानंद महाराजांच्या मांडवात त्या दिवशीही ताशा कडकडत होता. दादूची होडी जिताडा मासळीने भरून आली होती. आदल्या दिवशी महाराजांनी त्याच्या कानात सांगितलं होतं, ‘घारापुरीच्या अंगाला जाळं टाक.’ आता दादू लोटांगण घालत होता, बाया ओवाळत होत्या आणि महाराज डोळे मिटून सांगत होते, की विश्वाचं स्पंदन त्यांच्या मेंदूत गणित होऊन उतरतं. क्वांटम लहरींना मासळीचा ठावठिकाणा आधीच ठाऊक असतो. मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणे अजून त्या लहरींच्या काठावर चाचपडतायत. महाराज आत पोहून आलेत.

खांबाला टेकलेल्या कृष्णाबाईचा जीव जळत होता. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, पण पनवेलच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. घरात मात्र सून भामा तिला जुमानेनाशी झाली होती. नात कीर्तीच्या फिटच्या गोळ्यांनी लहरी अडतात, असं महाराज म्हणाले आणि भामाने गोळ्या बंद केल्या. ज्याला समुद्राखालचं दिसतं त्याला पोरीच्या डोक्यातलं दिसणार नाही का, असं तिचं म्हणणं. मग पोर चुलीपाशीच आकडी येऊन पडली, मनगट भाजलं. तरी भामा म्हणे, रोग बाहेर पडतोय. कृष्णाबाईने शिव्या घातल्या, जेवण टाकलं; काही फरक पडला नाही.

पनवेलच्या बाजारात तिच्या पाटीवर वसुंधराताई बोंबील घ्यायला यायच्या. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, गणित सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकं लिहिणाऱ्या. कृष्णाबाईने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं घातलं आणि पुढच्या आरतीला ताई मांडवात हजर झाल्या.

त्यांनी सगळ्यांना उभं केलं. नाणं उडवायच्या आधी अर्ध्या मांडवाला सांगितलं, छापा पडेल. उरलेल्यांना सांगितलं, काटा. ज्यांना चुकीचं सांगितलं गेलं ते खाली बसले. उभे राहिलेल्यांचे पुन्हा दोन भाग, पुन्हा नाणं. असं करता करता शशिकला नावाची एकच बाई उभी उरली. तिला सांगितलेलं दर वेळी खरं ठरलं होतं. ती ताईंच्या पाया पडायलाच निघाली.

“मला देव करू नका,” ताई म्हणाल्या. “बसलेल्यांकडे बघा. महाराज एका होडीला घारापुरी सांगतात, दुसरीला उरण, तेही कानात. कुणाला ना कुणाला मासळी मिळणारच. आता सांगा, त्यांचं ऐकून रिकामं कोण आलं?”

एकही हात वर झाला नाही.

महाराज गालात हसले. “बाईंचं पुस्तकी गणित आहे. आमच्याकडे अनुभव बोलतो.” मांडव हसला. ताई गोंधळल्या. त्यांना कुठून माहीत असणार, की रिकाम्या जाळ्याची बातमी इथे उंबऱ्याबाहेर जात नाही? गेली की घराची अब्रू जाते, दर्या रुसतो. आणि ही रीत सगळ्यांत करडेपणाने पाळायची ती कृष्णाबाईच. रिकाम्या होडीचं बोलून गेल्या म्हणून तिने नव्या सुनांना चारचौघांत फाडून खाल्लं होतं.

तिने भामाच्या मांडीवरच्या कीर्तीकडे पाहिलं. मनगटाची पट्टी मळली होती.

“आमची होडी रिकामी आली,” ती म्हणाली. “ह्याचंच ऐकून. येकदा नाय, दर टायमाला.”

“आये, गप,” मुलगा काशीराम दातओठ खात पुटपुटला.

“गप बसलो म्हनून तर ह्याचं दुकान चाललंय. ” ती पुढ्यात बसलेल्या होडीवाल्याकडे वळली. “गणू, तुजी भरून आली व्हती का रं? मान वर कर की.”

गणूने मान वर केली नाही, पण हात वर केला. मग त्याच्या मागे एक, पलीकडे दोन, बायकांमधून चार. दादू वळून वळून बघत राहिला.

अश्रद्धेने लहरी बिघडतात, असं महाराज सुरू करणार तोच म्हातारी गरजली, “मासळी दिसते तुला, मंग येवढ्या रिकाम्या होड्या कशा नाय दिसल्या?”

मग ती सुनेकडे वळली. आवाज उतरला होता, राग नाही.

“देवाला नको बोलत नाय मी. पन कोनी चमत्कार सांगितला तर आधी इचार, ज्यांचं फसलं ती मानसं कुठं हायत. आनि पोरीची गोळी डाक्तरला इचारल्याबिगर बंद करू नको. येवढं कळायला मला चारचौघांत इज्जत घालवायला लावलीस गो.”

भामा उठली. तिने कीर्तीला कडेवर घेतलं आणि पनवेलच्या दवाखान्यात जायला रिक्षा थांबवली.