चहात बुडवलेली अंडी

माझं नाव बेबी. छप्पन वर्षांची बेबी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये टोकू नका.

आमचे हे, म्हणजे रत्नाकर, फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा सगळे सांगून राहिले होते की शहरात, राइट टाउनात फ्लॅट घ्या. आम्ही शहराबाहेर, सिहोरा गावाच्या अलीकडे दीड एकर घेतली, नऊ आंब्याची झाडं अन दोन खोल्यांसकट. कोंबड्यांची हौस माझी. दोनशे देसी कोंबड्या, सगळ्या मोकळ्या. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की झाडांखाली पांगतात, माती उकरतात, किडे खातात, दुपारी धुळीत लोळतात अन संध्याकाळी आपल्या पायानं घरी येतात. पिंजऱ्यातली कोंबडी पाहिली आहे का तुम्ही? तिला पंख उघडायला जागा नसते. एका फार्मवर मी ते पाहून आली अन दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तेव्हाच ठरवलं, आपल्याकडे पिंजरा येणार नाही.

आता अंड्यांचं ऐका. मोकळी कोंबडी रोज अंडं देत नाही, तिच्या मनात आलं तर देते. दोनशेंत साठ-सत्तर मिळतात. ती घेणारा माझ्या ओळखीत एकच माणूस होता, राइट टाउनातला अनुपम. काचेचं दुकान, आत गूळ, घाण्याचं तेल, अन वेताच्या टोपलीत गवतावर मांडलेली अंडी. टोपलीवर पाटी, 'गाँव का असली देसी अंडा', बावीस रुपये नग. मला मिळायचे सात. काहून सात? तर रोज सकाळी मोबाईलवर अंड्यांचा रेट येतो, तो पिंजऱ्यातल्या फार्मच्या अंड्यांचा. अनुपम त्याच्यावर एक रुपया टाकायचा अन म्हणायचा, दीदी, रेट मैं थोड़ी बनाता हूँ. माझ्या कोंबडीनं पिंजरा पाहिला नाही अन तिच्या अंड्याचा भाव मात्र पिंजऱ्यानं ठरवायचा.

त्यातही निम्मी अंडी तो बाजूला काढायचा, पांढरी म्हणून. देसी कोंबडी बदामी अंडं देते तसं पांढरंही देते, ते तिच्या अंगचं असतं. पण शहरातल्या लोकांनी मनात धरलंय की पांढरं ते फार्मचं अन तपकिरी ते देसी. त्यामुळे पांढऱ्याला वरचा रुपयाही नाही.

कार्तिकात एक दिवस त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पाणी प्यायला गेली, तर मोठ्या गंजात चहा दिसला. मला वाटलं नोकरांचा असेल. वाकून पाहिलं तर गार झालेला कोरा चहा, दूध नाही, अन आत अंडी. बाजूला फार्मच्या अंड्यांचे ट्रेवर ट्रे रचलेले. पिंजऱ्यातली अंडी चहात बुडवून तो देसी करून राहिला होता. माझी तेवढी टोपलीत वर मांडायची, खाली सगळा चहाचाच माल. मी त्याला चांगलं झापलं. तो लाजलाही नाही. "दीदी, जो दिखता है वो बिकता है," एवढं म्हणाला अन मला खुर्ची दिली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ह्या माणसाच्या हातून सुटायचं. माझं अंडं माझ्या नावानं विकायचं. पण अंडं आठ-दहा दिवस थांबतं, कोंबड्यांचं पोट एकही दिवस थांबत नाही. दुसरं गिऱ्हाईक हाताशी असल्याशिवाय पहिलं सोडता येत नव्हतं.

संक्रांतीला संपदाताईंकडे हळदीकुंकू होतं. संपदाताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, राहतात राइट टाउनातच. त्यांनी एखादी गोष्ट चांगली म्हटली की वीस-पंचवीस मराठी घरं ती घेतात, वाईट म्हटली की कोणी शिवत नाही. आता हळदीकुंकवात अंड्याचं नाव काढायचं म्हणजे जीभ झडायची. मी देवघरापाशी तोंड शिवून बसली, तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं. मग खाली जिन्यात उभी राहिली अन चपला घालणाऱ्या एकेकीला धरलं. बारा रुपये नग, घरपोच, आठवड्यातून दोनदा. गंमत अशी की ज्या घरात अंडं चालत नाही असं मी पंधरा वर्षं समजून होती, त्यांनीच आधी नंबर दिले. संपदाताई मला सोडायला खाली आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, नातवाला डॉक्टरनं अंडं सांगितलंय, पण खऱ्या देसीचा भरवसा कुठे राहिलाय. मी म्हटलं, माझा ठेवा.

अठरा घरं झाली. परत येताना सिहोऱ्याच्या बसमध्ये मी एकटीच हसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी अनुपमला फोन केला अन सांगून टाकलं, आता तुझी पाटी तुझ्याच चहाला लाव. बाप्पा, काय गोड वाटलं होतं बोलून.

पहिल्याच आठवड्यात कुरकुर सुरू झाली. बेबीताई, निम्मी पांढरी काहून? बेबीताई, ही तर फार्मची दिसून राहिली. मी प्रत्येकीच्या दारात उभी राहून समजावलं की कोंबडी कोणाला विचारून रंग देत नाही. त्या मान हलवायच्या, बदामी तेवढी उचलायच्या अन पांढरी परत. एकीनं तर सांगितलं, अनुपमच्या दुकानात पाहा, सगळी एकसारखी तपकिरी असतात, देसी म्हणजे तशी. तिला काय सांगू? त्या दुकानात काय शिजतं ते सांगितलं असतं तर म्हणाली असती, धंद्यातली जळफळ आहे. दुसऱ्या आठवड्यात अकरा घरं राहिली, तिसऱ्यात सहा. घरात अंड्यांच्या टोपल्या साचत गेल्या. आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ आम्लेट खाऊन राहिलो होतो.

मग मी चहापत्ती आणली.

ह्यांनी गंज पाहिला, आतली अंडी पाहिली अन स्टुलावर बसले. म्हणाले, "बेबी, आपलं खरं आहे. त्याला कशाला रंगवतेस?"

मी भडकली. म्हटलं, तो अनुपम खोट्याला खरं करून राहिला आहे. मी खऱ्याला फक्त खऱ्यासारखं दाखवून राहिली आहे, ह्यात पाप कुठलं? अंडं माझ्याच कोंबडीचं, आंब्याखाली घातलेलं. वरून हात फिरवला तर आत काय बिघडतं? ते उठून खुराड्याकडे गेले. ते बोलले असते, भांडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं की मी जिंकली.

अन खरंच जिंकली होती, तीन आठवडे. सगळी अंडी एकसारखी तपकिरी. गेलेली घरं परत आली, चार नवी जोडली गेली. संपदाताईंनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की बेबीताईंच्या अंड्यांचा बलक पाहा, केशरी. बलक तर आधीही केशरीच होता, पण आधी सगळ्यांची नजर टरफलावरच होती. पहिल्यांदा आयुष्यात मी भाव सांगितला अन लोकांनी दिला. मला फार आनंद झाला होता, लपवू कशाला.

मग एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. संपदाताईंच्या ओट्यावरचं पातेलं. नातवासाठी अंडी उकळायला ठेवली होती अन पाणी चहासारखं झालं होतं. अंड्यांवर पांढरे डाग पडले होते. खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. लिहिलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं. दुपारपर्यंत एकूण एक घरानं नको म्हणून कळवलं.

मी मिळेल त्या बसनं त्यांच्याकडे गेली. सोबत पाच अंडी नेली, बिनरंगाची. दारातच सगळं सांगितलं, चहाचं, पांढऱ्याचं, अनुपमच्या मागच्या खोलीचंसुद्धा. एक अंडं त्यांच्यासमोर वाटीत फोडून दाखवलं. त्या म्हणाल्या, बलकाला रंग यावा म्हणूनही काहीतरी खाऊ घालतात, मोबाईलवर पाहिलंय. मी म्हटलं, माझ्याकडे चला, कोंबड्या पाहा. त्या म्हणाल्या, कोंबड्या तर असतीलच. आवाज चढवला नाही त्यांनी. चहाही विचारला, अन विचारल्यावर दोघींनाही कसंतरी झालं.

"एकच सांगा बेबीताई," त्या म्हणाल्या. "खरी होती, तर रंग काहून लावला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण संन्याशानं स्वतःचे हात रंगवून घेतले असतील तर त्यानं ओरडायचं कोणाच्या नावानं? वाटी तिथेच ठेवून मी खाली उतरली.

घरी आली तर सिहोऱ्याचा कोंबडीवाला व्यापारी आंब्याखाली फिरून राहिला होता. होळी जवळ आली होती, तेव्हा कापायला कोंबड्या हव्या असतात. दोनशेच्या दोनशे वजनावर उचलतो म्हणाला, रोख. ह्यांनी त्याला बसवून ठेवलं होतं, पण हो म्हटलं नव्हतं. म्हणाले, तू सांग. एक कोंबडी त्या व्यापाऱ्याच्या बुटाजवळच माती उकरून राहिली होती. मी म्हटलं, उद्या सांगते. अन दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

मला वाटलं होतं तो टोमणे मारेल. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मंडळातल्या दोघी माझी अंडी घेऊन त्याच्याकडेच आल्या होत्या, खरी का खोटी ते विचारायला. तो म्हणाला की मैंने झूठ नहीं बोला दीदी, इतना ही कहा कि रंग है. मग त्यानं हिशेब मांडला. तुमच्या नावावर आता देसी विकलं जाणार नाही. तुमची अंडी मी घेईन, पण फार्मच्या भावानं, फार्मच्या ट्रेमध्ये, वरचा रुपया नाही. अन रोज दहा ट्रे फार्मची अंडी टेम्पोनं तुमच्याकडे येतील, ती रंगवून द्यायची. मजुरी ट्रेमागे.

"मेरे लड़कों से धब्बे पड़ जाते हैं," तो म्हणाला. "आपके हाथ का रंग एकदम बराबर आता है, दीदी."

रंगवणार नसाल तर अंडीही नको, हे त्यानं शेवटी सांगितलं, अगदी नरमाईनं. मी त्याला खूप बोलली. गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. तो ऐकून घेत राहिला, कारण मी कुठे जाणार हे त्याला माहीत होतं अन मलाही. माझ्यासमोर कोंबड्या होत्या अन होळी होती. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ट्रे उतरले. ह्यांनीच चूल पेटवली अन गंज चढवला. तेव्हा मला रडू आलं, रागाचं. अनुपमनं शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली पाठवली होती. चहात शिरका पडला की रंग धरतो, मग उकळलं तरी पाणी स्वच्छ राहतं. एवढी एक गोष्ट मला माघात माहीत असती तर आज माझी बावीस घरं असती. हा विचार मनात आला अन स्वतःचीच किळस आली. पण येतो अजून, रोज येतो.

कोंबड्या मोकळ्याच आहेत. सकाळी दार उघडते, त्या पांगतात. मी मात्र दुपारपर्यंत चुलीपाशी.

परवा ट्रे द्यायला दुकानात गेली तर संपदाताई उभ्या. मला पाहून त्या अवघडल्या, मग जवळ आल्या. म्हणाल्या, राग धरू नका बेबीताई, त्या दिवशी मीही जास्त बोलली असेन. आता अंडी इथूनच नेते. घरी उकळून पाहिली, पाणी काचेसारखं राहतं. नातवालाही मानवली आहेत. अनुपम गल्ल्यावर नोटा लावून राहिला होता, त्यानं मान वर केली नाही.

टोपलीत माझ्या हातची तपकिरी अंडी होती, पिंजऱ्यातली. खाली जमिनीवर, फार्मच्या ट्रेमध्ये, माझ्या कोंबड्यांची पांढरी. सकाळी मीच वेचली होती, एकाला अजून आंब्याचा पाला चिकटला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, अनुपमनं हाकललं तर हाकलू दे.

"ताई, नातवासाठी ती पांढरी न्या. मी सांगून राहिली आहे ना, ती न्या."

संपदाताईंनी खाली ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. माझ्या दंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "असू द्या हो बेबीताई. ती फार्मची आहेत. मला आता कळतं."

त्यांनी पिशवी पुढे केली. मी टोपलीतून बारा तपकिरी निवडली, एकही डाग नसलेली, अन पिशवीत घातली.