तापणाऱ्या रेडिएटरची कैफियत

मित्रांनो, जुन्या रेडिएटरने आपली गोष्ट ठामपणे सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर आधीच माफी मागतो. माझं निम्मं आयुष्य 'हे असं का झालं?' याचा विचार करण्यात गेलं आहे. उरलेल्या निम्म्यात मी तापलेला होतो, आणि तापलेल्या डोक्याने विचार होत नाही.

मी तांब्या-पितळेचा. एका लांबट शेडमध्ये पातळ नळ्या ओळीने रचून, त्यांच्यामध्ये नागमोडी पट्ट्या बसवून आणि वर-खाली दोन टाक्या जोडून मला तयार केलं. मग एका कारागिराने माझी तोंडं बंद केली, पोटात हवा भरली आणि मला पाण्याच्या हौदात बुडवलं. मी चक्रावलो. पाणी आत असतं आणि हवा बाहेर, एवढं मला नुकतंच कळलं होतं, आणि इथे सगळंच उलटं! कारागीर डोळे बारीक करून बुडबुडे शोधत होता. एकही निघाला नाही. "पास," असं म्हणून तो जेवायला गेला. ती माझी पहिली शाबासकी.

पुढे मी एका बुटक्या, रुंद, दोनच माणसांच्या वेगवान गाडीत बसलो. माझं काम सोपं होतं. इंजिनातून तापलेलं पाणी माझ्या नळ्यांत यायचं, समोरून येणारा वारा माझ्या अंगातून आरपार जायचा आणि पाणी निवून परत इंजिनात जायचं. गाडी उभी असली तर माझ्या पाठीमागचा विजेचा पंखा वारा ओढून घ्यायचा. सात वर्षं गाडीतला तापमानाचा काटा मधोमध राहिला. मालकीण त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही, आणि मित्रांनो, आमच्या जातीत यापेक्षा मोठी स्तुती नाही.

मालकिणीला सगळे चिमणी म्हणत. आवाज मात्र असा, की बॉनेट बंद असतानाही मला लख्ख ऐकू यायचा. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी चढणीच्या शर्यतीत गाडी पळवायची. गाडीची देखभाल तिचा मामा करायचा. त्याचं गॅरेज एका मोठ्या शेडच्या अर्ध्या भागात होतं. उरलेल्या अर्ध्या भागात चिमणीची आत्या शिवणकाम करायची. मामा आणि आत्या एकाच छपराखाली कसे आले हे मला कधीच कळलं नाही, कारण दोघांचं एका वाक्यापुढे पटत नसे.

मामा कामाला पक्का होता. त्याची एक रीत होती. बोल्ट आवळून, तपासून झाला की तो त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका लागला की ते काम झालं. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, खुद्द मामानेही नाही.

एक दिवस चिमणीने इंजिनाला मोठा टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि दाबलेली हवा तापते. ती गार करायला इंटरकूलर लागतो. तो असतो माझ्यासारखाच जाळीचा, फक्त त्याच्या पोटात पाण्याऐवजी हवा. आणि त्याची जागा कुठे? थेट माझ्या नाकासमोर!

शेडमधल्या टेबलावर दोन इंटरकूलर आले. एक दाराच्या फळीएवढा जाड, दुसरा पातळ आणि निम्म्या उंचीचा.

"जाडच घे," मामा म्हणाला. "हवा जितकी गार, तितका जोर जास्त."

"अरे, पण तो सगळा वारा अडवेल. मागे रेडिएटरला काय मिळणार?" चिमणीने विचारलं.

"रेडिएटर दणकट आहे तुझा."

"दोघांनी मिळून एकदाच काय ते ठरवा," शिवणयंत्रावरून आत्या म्हणाली. "सकाळपासून तुमचं पातळ-जाड ऐकून मी बाही उलटी जोडली."

शेवटी जाड इंटरकूलर बसला. टर्बोच्या पाइपमुळे माझ्यामागे पंख्याला जागा उरली नाही. मामाने गाडीच्या सांगाड्याला एक सुबक लोखंडी चौकट जोडली आणि पंखा माझ्यापुढे आणला. जागा चिंचोळी होती, म्हणून त्याने तो फिरवून, सपाट बाजू माझ्याकडे करून बसवला. तारा होत्या तशाच जोडल्या. चार बोल्ट आवळले आणि चार पिवळे ठिपके लावले. इंजिन चालू करून अर्धा तास गाडी शेडमध्ये उभी ठेवली. काटा मधोमध. मामाने चिमणीकडे असं पाहिलं, की आता बोल काय बोलतेस!

पण चढणीवर माझी त्रेधातिरपीट उडाली. समोरून वारा यायचा, मी जरा तापलो की पंखा सुरू व्हायचा, आणि पंखा सुरू झाला की वाराच नाहीसा व्हायचा. मदतीला आलेल्यानेच दार लावून घ्यावं, तसं. मला काही उमगेना. काटा लाल खुणेवर गेला, माझ्या झाकणातून वाफ उसळली आणि चिमणी अर्ध्या चढणीवर गाडी कडेला घेऊन उभी राहिली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शर्यतीतही तेच झालं. तेव्हा तिथले पंच म्हणाले, "ताई, मागून भरधाव गाड्या येत असतात. तिसऱ्यांदा अशा वाफ काढत रस्त्यात थांबलात, तर पुन्हा तुमचं नाव घेता येणार नाही." परतीच्या वाटेवर चिमणीचा तो खणखणीत आवाज एकदाही ऐकू आला नाही.

मग माझे हाल सुरू झाले. औषध घालून माझं पोट धुतलं. वाकलेल्या पट्ट्या सरळ केल्या. मामा म्हणाला, "थकलाय बिचारा. आतून बुजला असणार." आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं. आपण म्हातारे झालो हे मी सगळ्यांच्या आधी मान्य करून टाकलं. नाहीतर भर वाऱ्यात कोणी तापतं का?

मामाने मला काढून आत्याच्या यंत्राशेजारी भिंतीला टेकवलं आणि माझ्या जागी नवा, दुप्पट जाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला. चिमणी गाडी चढणीवर फिरवून आली. बॉनेटमधून वाफ निघत होती! मित्रांनो, मला आनंद व्हायला नको होता, पण झाला. पाठोपाठ लाजही वाटली, कारण चिमणी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती.

"इंटरकूलरच बदल," ती म्हणाली. जाड गेला, पातळ आला. तरी वाफ. एकेक जोडी लावून झाली. नवा-जाड, नवा-पातळ, पुन्हा तिथेच गाडी अडायची. मामाची मती गुंग झाली. तिसरी शर्यत रविवारी होती, आणि आज गुरुवार.

"नाव मागे घेते मी," चिमणी म्हणाली. "निदान पुढे दार तरी बंद होणार नाही."

सवयीने मामाने इंजिन चालू करून गाडी उभी ठेवली आणि काट्याकडे बघत बसला. आत्या चिमणीच्या सीटला नवं कव्हर बेतत होती. तिचे बेतायचे पातळ कागद गाडीच्या समोरच्या स्टुलावर होते. पंखा सुरू झाला आणि कागद भुर्रकन उडून शेडभर पसरले.

"झालं!" आत्या कडाडली. "बंद कर तुझं ते यंत्र."

"पंखा आहे तो. वारा येणारच," मामा वैतागून म्हणाला.

आत्या वाकून कागद गोळा करू लागली आणि मधेच थांबली. "पण तूच म्हणाला होतास ना, वारा समोरून आत जातो? मग माझे कागद जाळीला चिकटायला हवे होते. ते दरवाजापर्यंत कसे गेले?"

मामा उठला. गाडीसमोर गेला. जाळीपुढे हात धरला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी भिंतीपाशी बसूनही पाहिला. पंखा फिरवून बसवल्यामुळे तो वारा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकत होता. उभ्या गाडीत वारा कुठूनही आला तरी निभावलं. पण गाडी पळू लागली की समोरचा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांवर आपटायचे. मधल्यामध्ये मी उकळत होतो. चार पिवळ्या ठिपक्यांमुळे त्या पंख्यावर कोणालाच शंका आली नव्हती.

मामाने ते ठिपके पान्याने खरवडले. पंख्याची पाती पालटली, तारा अदलाबदल केल्या. हे सगळं तो गुपचूप करू शकला असता. आत्याने दोन दिवस टोमणे मारले असते आणि विषय मिटला असता. पण तो चिमणीपुढे जाऊन म्हणाला, "दोष ना रेडिएटरचा, ना इंटरकूलरचा. चूक माझी. उगाच तुला दोनदा मान खाली घालायला लावली."

चिमणीला हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं. मग डोळे पुसून माझ्याकडे बोट दाखवलं. "पातळ इंटरकूलर राहू दे. अर्धा वारा त्याला, अर्धा थेट मागे. आणि मागे हाच बसव."

"नवा आहे की चांगला."

"ज्याला उगाच काढलं, त्याला आधी परत घेऊ. शनिवारी चढणीवर नेते. तापला, तर मी स्वतः काढेन."

शनिवारी मी तापलो नाही. पंखा सुरू झाला तेव्हा मी घाबरून अंग चोरलं, पण वारा आला, आणि बरोबर दिशेने आला. रविवारी चिमणीने गाडी अशी दामटली, की वळणांवर माझ्या पोटातलं पाणी गरगरलं. तिचा नंबर सातवा आला. पण वर पोचल्यावर तिने जी आरोळी ठोकली, ती ऐकून पंचांनी कानांवर हात ठेवले.

लोक जमले. सगळे त्या चकचकीत इंटरकूलरकडे बघत होते. मी त्याच्यामागे अर्धा झाकलेला. एका चालकाने मामाला विचारलं, "रेडिएटर नवा टाकलात वाटतं?"

"नाही," मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तो जुनाच आहे. त्याला मीच तापवत होतो."

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं ते अजूनही नीट सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू, किंवा एखादं जुनं माणूस, सारखं तापलेलं दिसलं, तर ते बदलायच्या किंवा बाजूला टेकवायच्या आधी त्याच्यासमोर जरा उभे राहा आणि वारा कुठून लागतोय ते बघा. त्याला ते स्वतःला सांगता येणार नाही. मलाही आलं नव्हतं; मी तर चूक माझीच आहे असं धरून बसलो होतो.