डूल घालतानाचा चेहरा

मेरिमच्या कानांची भोकं बुजत आली होती, खरं तर एवढंच झालं होतं. ती कोच्कोर गावच्या बालवाडीत शिकवायची, आणि बालवाडीतल्या पोरांना लोंबणारं काही दिसलं की ते ओढल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा कानाची पाळी फाटता फाटता वाचली, तेव्हापासून तिने कानात काही घालणंच सोडून दिलं होतं. त्यामुळे तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, बेक्तूरची, आई अनारकुल सोन्याचे डूल घेऊन तिच्या घरी आली आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तिने ते मेरिमच्या कानात घालायला घेतले, तेव्हा चांगलंच दुखलं. मेरिमचा चेहरा क्षणभर आक्रसला. मग डूल गेले एकदाचे, बायकांनी तोंडभरून आशीर्वाद दिले, अंगणात मेंढी कापली गेली आणि सोयरीक पक्की झाली. आमच्याकडे सासूने कानात डूल घातले की मुलगी त्या घरची झाली. नंतरचं लग्न म्हणजे नुसता खर्च.

आणि मेरिमला हे लग्न हवं होतं. बेक्तूर कोळशाचा ट्रक चालवायचा. बालवाडीच्या भट्टीसाठी कोळसा उतरवायला यायचा तेव्हा तिच्याशी बोलण्याआधी बर्फात हात खसाखसा घासून पुसायचा, तरी ते काळेच राहायचे, आणि मग तो ते पाठीमागे लपवून उभा राहायचा. त्या लपवलेल्या हातांवर तिचा जीव जडला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

डूल घालतानाचा व्हिडिओ बेक्तूरच्या धाकट्या बहिणीने, जाझगुलने, इन्स्टाग्रामवर टाकला. हौसेनेच टाकला बिचारीने. पण कोण कुठल्या रिकामटेकड्याने त्यातला तो आक्रसलेला चेहरा तेवढा कापून घेतला, त्याचा वेग मंद केला, खाली रडकं संगीत लावलं आणि पुन्हा टाकला. झालं. आठवडाभरात तो सगळ्या देशाने पाहिला. ज्यांनी मेरिमला जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांना तिच्या मनातलं सगळं कळू लागलं. पोरीला लग्नासाठी जबरदस्तीने उचलून आणलेलं दिसतंय, असं एकीने लिहिलं. आईबापांनी गळ्यात मारलाय, दुसरीने लिहिलं. आणि कुणीतरी लिहिलं की नीट बघा, चेहरा आक्रसायच्या आधी ती दाराकडे बघते, दाराबाहेर दुसरा कुणीतरी आहे.

मेरिम आधी हसली. तिने बेक्तूरला फोन केला, तेव्हा तो खाणीपाशी ट्रकच्या रांगेत अडकला होता. हिवाळ्याच्या तोंडावर ती रांग हलता हलत नाही, आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना एकमेकांची टिंगल करण्यापलीकडे उद्योग नसतो.

"इथे सगळ्यांनी पाहिलाय," बेक्तूर हसत म्हणाला. "मला विचारतायत, नवरी पळाली तर डूल तरी परत मिळतील का रे?"

"सांग त्यांना, नवरीच्या कानाला सूज आलीय. पळायचं त्राण नाहीये."

तो मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी फोनवर कमी हसला. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "मेरिम, तू दाराकडे का पाहिलंस गं?"

"कधी?"

"डूल घालायच्या आधी. मी पाहिलंय ना. पुन्हा पुन्हा पाहिलंय."

"अरे, बाबा बाहेर मेंढीपाशी होते. त्यांच्याकडे पाहिलं असेल."

"असेल म्हणजे?"

 फोन ठेवल्यावर तिने स्वतः तो व्हिडिओ उघडला. खरंच, ती दाराकडे पाहत होती. का, ते तिला आठवेना. दहा-वीस वेळा पाहिल्यावर तर असं झालं की त्या दिवसाची खोली, बायकांची गडबड, कानाची कळ, सगळं पुसलं गेलं आणि डोळ्यांपुढे फक्त तो कापलेला तुकडा उरला. त्यातली मुलगी दुःखी दिसत होती. मेरिमला स्वतःचीच भीती वाटली.

बेक्तूर घरी परतला तो तोडगा घेऊनच. सोहळा पुन्हा करायचा, नीट व्हिडिओ काढायचा आणि टाकायचा. लोकांची तोंडं बंद.

"डूल एकदाच घालतात," अनारकुलने त्याला झापलं. "काढतात ते सोयरीक मोडताना. तुझ्या डोक्यात कोळसा भरलाय का?"

पण मग ओश शहरातून अनारकुलच्या भावाचा फोन आला, की कुणाची रडती लेक घरात आणताय, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवा. तेव्हा तीही नरमली. मेरिमनेही होकार दिला. बेक्तूरच्या मनातली अढी जाणार असेल तर डूलच काय, तिने कानही काढून दिले असते.

रविवारी अनारकुल आणि बेक्तूर आले. पाहुणे कुणीच नव्हते. मेरिमच्या आईने चहा ठेवला आणि ती धुसफुसत स्वयंपाकघरात जाऊन बसली. मेरिमने त्या दिवशीचाच निळा ड्रेस घातला, डूल काढून अनारकुलच्या हातात दिले आणि गालिच्यावर बसली. बेक्तूर समोर फोन धरून उभा राहिला.

कान आता बरे झाले होते. डूल अलगद गेले.

"आधीच हसलीस," बेक्तूर म्हणाला. "आई कानाला हात लावेल तेव्हा हस."

डूल काढले. पुन्हा घातले.

"पुन्हा दाराकडे पाहिलंस."

"नाही पाहिलं रे."

"यात दिसतंय ना. काढ परत."

अनारकुलने उसासा टाकला. मेरिमने डूल काढले, मान वाकवली आणि या वेळी बालवाडीत फोटोग्राफर आला की मुलांना शिकवते तसं स्वतःच्या चेहऱ्याला शिकवलं. गाल वर, डोळे किंचित ओले, नजर सासूकडे. डूल गेले. तिला काहीच वाटलं नाही.

"हां!" बेक्तूर आनंदाने ओरडला. "आता बघ! अगदी मनापासून वाटतंय!"

तो फोनमधल्या मेरिमकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे प्रेम उतरलं होतं, ते मेरिमने ओळखलं. कोळसा उतरवताना तो असाच पाहायचा. आज आल्यापासून त्याने तिच्याकडे, इथे बसलेल्या तिच्याकडे, एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"एकदाच अजून," तो म्हणाला. "जरा जवळून घेतो."

मेरिमने डूल काढले. अनारकुलने हात पुढे केला. मेरिमने ते तिच्या तळव्यावर ठेवले, पण मान वाकवली नाही. उलट दोन्ही हातांनी तिने सासूची बोटं त्या डुलांवर मिटून घेतली.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "तुमच्याकडेच राहू देत."

अनारकुलने तिच्या डोळ्यांत पाहिलं. म्हातारीच्या काय ते लगेच ध्यानात आलं.

"बेक्तूर, ते बंद कर."

"आई, एकदाच..."

"बंद कर म्हणते ना!"

त्याने फोन खाली केला. मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, मग मेरिमच्या उघड्या कानांकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच होतं?" तो म्हणाला. "तेव्हाही तुला नकोच होतं?"

मेरिमला रडू कोसळलं. इतके दिवस आवरलेलं सगळं एकदम आलं.

"तेव्हा हवं होतं, बेक्तूर! त्या दिवशी मला तू हवा होतास. दुखत होतं, तरी हवा होतास!"

बेक्तूर तिच्याकडे बघत राहिला. आज पहिल्यांदाच नीट बघत होता, आणि त्याच्या नजरेतून मेरिमला कळून चुकलं, की हे त्याला जन्मात खरं वाटणार नाही.